जाहिरातीत बोला

मी टीव्ही बघत नाही, ऐकते. शिलाई मशीनवर मान खाली घालून बसलेल्या बाईला बघायला सवड कुठली? एक टाका तिरका गेला तर गिऱ्हाईक माझ्या नावानं खडे फोडणार, मालिकेतल्या सुनेच्या नाही. तरी मला प्रत्येक मालिकेबद्दल मत आहे आणि ते मी न विचारता देते. नारायण पेठेत राहायचं आणि मत द्यायचं नाही, म्हणजे घरपट्टी फुकट भरल्यासारखं झालं.

मान वर करते ती फक्त ब्लाउज बघायला. ब्लाउजवरून मी तुम्हाला मालिकेची पुढची गोष्ट सांगू शकते. जिच्या बाह्या कोपरापर्यंत आणि गळा बंद, ती सोसणार. जिच्या पाठीवर नुसत्या दोन नाड्या, ती कुणाच्या तरी दुधात काहीतरी मिसळणार. सासू सुधारायला लागली की तिच्या ब्लाउजवरची जर कमी होत जाते. आणि झोपतानासुद्धा या बायका काठपदराच्या साड्या नेसून, गळ्यात ठुशी घालून, पांघरूण छातीपर्यंत ओढून पडतात. अगं, टोचत नाही का तुला? पण माझ्या गिऱ्हाइकांना नेमकं तेच हवं असतं. मोबाइलवर फोटो घेऊन येतात, "ताई, अस्सा गळा." मी म्हणते, "शिवते की. पण त्या बाईला मागून पिना लावून घट्ट केलंय, त्या पिना तुमच्यामागून कोण घेऊन फिरणार?"

क्लिपांचं तर विचारूच नका. "शेवटपर्यंत बघा" असं बजावणारी एकही क्लिप मी शेवटपर्यंत बघितलेली नाही. पहाटे उठण्याचे फायदे सांगणारा एक मुलगा आहे, त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून त्याला म्हणावंसं वाटतं, बाळा, तू आधी झोप. एक बाई भरल्या वांग्यांवर इतकं तेल ओतते की वांगी तरंगतात, आणि वर म्हणते, पौष्टिक. एक बायको रोज दाराआडून नवऱ्याला घाबरवते आणि तो रोज नव्यानं घाबरतो. मी अंगठ्यानं पुढे ढकलते, पुढे ढकलते. धड एक बघून होत नाही आणि फोन खालीही ठेववत नाही. पाय मशीनवरून उतरला की अंगठा सुरू, असं माझं झालं होतं. स्वस्थ बसणं म्हणून जमेना.

त्याला कारण होतं. आई बोलायची बंद झाली होती.

आई कोण ते आधी सांगते. ती टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. परगावी बोलायला कॉल बुक करून लोक ताटकळत बसायचे, त्या काळातली. लाइन जोडून दिली की म्हणायचं, "हं, बोला." तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालायचं. निवृत्त होऊन कैक वर्षं झाली, पण ते काही तिच्या अंगातून गेलं नाही. घरातसुद्धा तिला पाल्हाळ खपायचं नाही. त्यात संध्याकाळी सातला तिची मालिका लागायची आणि ती चालू असताना घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही. जे काय बोलायचं ते जाहिरातीत. माझं मशीनसुद्धा जाहिरातीतच चालायचं. तोवर मी काजं करायची, हुक लावायची, तुरपाई करायची, म्हणजे आवाज न होणारी कामं. जाहिरात लागली की आई टीव्हीचा आवाज बारीक करायची, मान आमच्याकडे वळवायची आणि म्हणायची, "हं, बोला." समोर मी एकटी असले तरी "बोला". मालिका परत सुरू झाली की बोट ओठांवर. "शू." तुमचं वाक्य अर्धवट राहिलं तर राहिलं.

तुम्हाला वाटेल मी तिखटमीठ लावून सांगतेय. पण आमच्या घरातले सगळे मोठे निर्णय साबणाच्या आणि चहाच्या जाहिरातींत झाले आहेत. माझ्या धाकट्या भावानं "मी लग्न ठरवलंय, मुलगी नागपूरची आहे" हे आईला सांगितलं, तेव्हा पडद्यावर कुणीतरी शर्टाची कॉलर घासत होतं. आई म्हणाली, "आपल्या आमटीत गूळ असतो, हे सांगितलंस का तिला?" झालं. लग्न मंजूर.

माझंही तसंच. मी नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा मालिका नुकतीच रंगात आली होती. हातात एक बॅग, डोळे सुजलेले. आईनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं आणि म्हणाली, "बस. जाहिरात लागू दे." मी बसले. करते काय? रडणंसुद्धा आवाज न करता. मालिकेत कुणाचा तरी साखरपुडा मोडत होता, तो मला अख्खा बघावा लागला. मग जाहिरात लागली. त्या दिवशी आईनं आवाज बारीक नाही केला, पार बंद केला. "हं, बोला."

"मी परत जाणार नाही," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

"मग मशीन खिडकीपाशी लाव. तिथे उजेड चांगला येतो."

एवढंच. का, कसं, लोक काय म्हणतील, काही नाही. मालिका सुरू झाली तरी त्या दिवशी तिनं "शू" केलं नाही, पण मलाच पुढे काही बोलायची गरज उरली नव्हती. त्या खिडकीपाशी मी आजही बसते.

अशी ही आई. एका सकाळी तिच्या हातातून चहाचा कप निसटला. मी म्हणाले, "असू दे, मी पुसते." ती काहीच बोलली नाही, म्हणून वर बघितलं तर तोंड एका बाजूला गेलेलं. पुढचं दवाखान्याचं सगळं मी सांगत बसत नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना ते ठाऊक आहे. घरी आली तेव्हा उजवा हात लुळा होता, पाय ओढत चालत होती. हात-पाय हळूहळू हलायला लागले. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. तिला सगळं कळायचं. भाजीत मीठ कमी पडलं तर डोळ्यांनी माझी जी काय हजेरी घ्यायची, ती मी ओळखून होते. पण शब्द म्हणून नाही. फार तर एक "अं".

बोलणं शिकवायला एक थेरपिस्ट बाई घरी यायच्या. चांगल्या होत्या, पण फार गोड बोलायच्या, आणि आईला गोड बोलणाऱ्यांचा मुळातच संशय. जाता जाता दारात त्या मला म्हणाल्या, "अहो ताई, तोंडात वर्षानुवर्षं बसलेले शब्द आधी परत येतात. मोजणं, वार, आरत्या, काही जणांच्या तर शिव्या. त्यांच्या रोजच्या सवयीचं काय होतं ते आठवा आणि ते घरात चालू ठेवा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात. नंतर अवघड होत जातं."

ते "नंतर" माझ्या डोक्यात जाऊन बसलं. कपडा बेतताना तेच, कणीक मळताना तेच. उद्यापासून नंतर सुरू झालं तर?

मी सगळं करून बघितलं. आईसमोर बसून सोमवार, मंगळवार म्हटलं. तिनं खिडकीबाहेर बघितलं. आरती म्हटली, तर तिनं डोळे मिटून घेतले. भक्तीनं नव्हे, माझा सूर तिला आधीपासून सहन होत नाही. भावाला वाटलं फोन द्यावा हातात. त्यानं आतल्या खोलीतून फोन लावला, आईनं तो कानाला धरला, ऐकला आणि माझ्या हातात दिला. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून देणारी बाई, तिनं त्याही दिवशी तेवढंच केलं. नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज क्लिपा यायच्या. कुणी अक्रोडाचं पाणी प्यायला सांगे, कुणी कानामागे मोहरीचं तेल चोळायला. एक दाढीवाला म्हणत होता, जिभेच्या टोकावर वेखंड ठेवा आणि खाली "हो" लिहा. मी वेखंड ठेवलं नाही. "हो" मात्र लिहून आले, काय सांगता येतं!

भाऊ खराडीला राहतो, तिथल्याच एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो आणि जगातल्या प्रत्येक दुःखावर एक ॲप असतं असं त्याचं ठाम मत आहे. एका रविवारी तो भिंतभर मोठा टीव्ही घेऊन आला, इंटरनेटवर चालणारा. जुना टीव्ही स्वतः घेऊन गेला, जुना सेटटॉप बॉक्स कपाटावर टाकला.

"ताई, आता आईची मालिका केव्हाही लावायची. आणि नो ॲड्स! मी बिनजाहिरातींचा प्लॅन घेतलाय. तिच्या डोक्याला ताप नको."

खोटं कशाला बोलू, मला तो प्लॅन फारच आवडला. आईपेक्षा मलाच. जाहिराती नाहीत, आणि रिमोटवर पुढे ढकलायचं बटण! वीज कडाडली की ढकल. तीनदा त्याच चेहऱ्याजवळ कॅमेरा गेला की ढकल. सून देवासमोर गाऱ्हाणं घालायला लागली की आधी ढकल, देवालाही बरं. मालिका निम्म्या वेळात संपायची, मग पुढचा भाग, मग त्याच्या पुढचा. मशीनही मी सरसकट चालवायला लागले. मला अडवणार कोण? "शू" म्हणणारी गप्प होती. घर इतकं घडघडत होतं, पण मला ते भयाण वाटायचं, म्हणून मी आणखी जोरात पाय मारायची.

एक गोष्ट मात्र व्हायची. पूर्वी जिथे जाहिरात लागायची, तिथे आता पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि पुढचा प्रसंग सुरू. त्या क्षणाला आई मान वळवून माझ्याकडे बघायची. तोंड थोडंसं उघडायची. मला वाटायचं, तहान लागली. मी उठून पाण्याचा पेला तिच्या तोंडाला लावायची. ती दोन घोट घ्यायची, माझ्याकडे असं बघायची की हिला अक्कल कधी येणार, आणि परत टीव्हीकडे वळायची. त्या दिवसांत मी आईला इतकं पाणी पाजलं की थेरपिस्ट बाईंनी एकदा विचारलं, "यांना मध्ये मध्ये उठावं फार लागतं का हो?"

मालिकेतल्या आजोबांचीही त्याच सुमारास वाचा गेली. त्यांना त्या दोन नाड्यांवालीचं गुपित कळलं होतं, म्हणून. आता मालिकेत वाचा गेली म्हणजे ती मोक्याच्या वेळी परत येणारच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. तशी ती आली. सुनेनं घंटा वाजवली, दिव्याची ज्योत थरथरली आणि आजोबा ताडकन उठून पानभर बोलले. उच्चार तरी काय स्वच्छ! मी कात्री टेबलावर आपटली. "असं असतं का कुठं? लिहिणाऱ्याच्या घरी कुणी आजारी पडलं नाही का कधी?" आणि आईकडे बघितलं. ती त्या आजोबांकडे टक लावून बघत होती. डोळ्यांत पाणी होतं की उजेड पडला होता, ते नीट बघायचं मला धाडस झालं नाही. मी बटण दाबून पुढे ढकललं.

त्याच आठवड्यात थेरपिस्ट बाईंनी विचारलं, "काही शब्द?" मी म्हणाले, "नाही." त्यांनी मान हलवली आणि नेहमीपेक्षा जास्त गोड हसल्या. मला ते हसू अजिबात आवडलं नाही.

मग आमच्या गल्लीत खणलं. आमच्या गल्लीत खणणं हे सणावारासारखं आहे, दर वर्षी येतं आणि दर वर्षी तेवढीच धांदल. सकाळी यंत्र लावलं, दुपारी इंटरनेट गेलं. मी भावाला फोन केला.

"ताई, राउटर बंद करून चालू कर."

"अरे शहाण्या, वायर खड्ड्यात तुटून लोंबतेय, राउटर बिचारा काय करणार?"

"मग मोबाइलवर लावून दे."

आईला तळहाताएवढ्या पडद्यावर काय दिसणार, कपाळ? पण सात वाजत आले होते आणि आई खुर्चीत सरसावून बसली होती. काळ्या पडद्याकडे बघत होती. तिचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायला लागला. टक, टक. "आई, थांब जरा, आज नाहीये ते," मी म्हणाले. टक, टक. माझं आधीच डोकं ठिकाणावर नव्हतं. एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज उद्याला द्यायचा, बाहेर यंत्राची धडधड, आणि आत हे. "अगं, मी काय करू? मी खणलाय का रस्ता?" असं तिच्यावर खेकसले आणि लगेच रडू आलं. न बोलणाऱ्या माणसावर ओरडायचं म्हणजे किती वाईट.

तेवढ्यात कपाटावरचा जुना बॉक्स दिसला. छतावरच्या डिशची केबल खिडकीतून अजून आत लोंबत होतीच, रिचार्ज भावानं वर्षाचं करून ठेवलेलं. स्टुलावर चढले, धूळ फुंकली, नाकातोंडात घेतली. कुठली पिन कुठे, देव जाणे. तीन भोकांत घालून बघितली, चौथ्यात बसली. पडदा निळा झाला, मग मुंग्या आल्या, मग एकदम मालिकेचं शीर्षकगीत. आईचा हात थांबला.

मी हुश्श करून मशीनपाशी बसले. मालिका तीच होती, पण कितीतरी दिवसांनी ती तिच्या स्वतःच्या चालीनं चालली होती. ढकलता येईना. वीज पूर्ण कडाडली. कॅमेरा तीनदा चेहऱ्यापाशी गेला आणि तिन्हीदा मला तो सोसावा लागला. अंगठा नुसता शिवशिवत होता. मग दोन नाड्यांवाली जिन्यात दिवा घेऊन उभी राहिली, मागे वळली, आणि जाहिरात लागली. चहाची.

"झालं! आता बसा हे बघत," मी पुटपुटले आणि मशीनवर पाय ठेवला. आईनं मान वळवली. माझ्याकडे बघितलं, तोंड थोडं उघडलं. पाणी, म्हणून मी उठले आणि माठापाशी जाऊन पेला भरायला लागले.

"हं," मागून आवाज आला.

तो नेहमीचा "अं" नव्हता. मी वळले. आईचे ओठ हलत होते. डावी बाजू ओढली जात होती, उजवी मागे राहत होती.

"बो... ला."

"बो" जड होता, "ला" लांबलेला. पण शब्द होता. अख्खा. पेल्यातलं पाणी माझ्या पायावर सांडत होतं आणि मला कळत होतं की ते सांडतंय. पाणी नको होतं गं तिला! इतके दिवस ती जाहिरातीची वाट बघत होती, आणि आम्ही दोघा शहाण्यांनी, तिला त्रास नको म्हणून, तिची बोलायची जागाच घरातून काढून टाकली होती.

मला तिला काय काय सांगायचं होतं. मी किती घाबरले होते ते, नंतर सुरू होईल म्हणून झोप येत नव्हती ते, तिच्या आवाजाशिवाय या घरात मशीन चालवायला कशी भीती वाटते ते. आणि मला, जिला जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मत आहे, एक शब्द सुचेना. चहाची जाहिरात संपली, सिमेंटची लागली. आई भुवया उंचावून बघत होती. ती नजर मी लहानपणापासून ओळखते. वेळ चाललाय, मुद्द्याचं बोला.

"आई," मी कसंबसं म्हणाले, "त्या दोन नाड्यांवालीचा ब्लाउज मागून पिनांनी आवळलाय."

आईच्या तोंडाची डावी बाजू हसली. मग उजवी, थोडीशी. मी तिच्या पायाशी फरशीवर बसले आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, या वेळी आवाज करून. तिनं डावा हात माझ्या केसांवर ठेवला. टीव्हीत संगीत बदललं, जिना आला, दिवा आला. केसांवरचा हात उचलला गेला. वर बघितलं तर आईचं बोट ओठांवर होतं.

"शू."

भावाला फोन केला तो पुढच्या जाहिरातीत.